तुरळाक पाऊस

आमचे बाळा भावजी पाऊस वाटतात. कुठे किती पडायचा, कुठे नुसतं गरजून सोडून द्यायचं, ते रोज सकाळी साडेसातला आमच्या जोगेश्वरीच्या गॅलरीत बसून ठरतं. हे माझे धाकटे दीर. अंधेरीच्या एमआयडीसीत खोक्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, मग घरी बसले, आणि बसल्या बसल्या आभाळाचा कारभार हातात घेतला. चहा मी करायचा, खारी मी द्यायची, आणि यांनी फोन नाकाला लावून मोठ्याने वाचायचं. "विदर्भ, चव्वेचाळीस!" असं म्हणून माझ्याकडे असं बघतात, जसा काही विदर्भाखालचा गॅस मीच मोठा ठेवलाय. पंखा लावा म्हटलं तर म्हणतात, "थांब वैनी, आर्द्रता बघूक दे." म्हणजे घाम आलाय की नाही, हेसुद्धा फोनला विचारायचं.

मी दुसरी शिकलेली, ते सातवी. मधल्या पाच इयत्तांची आठवण ते मला आठवड्यातून एकदा तरी करून देतात. तेव्हा वाचायचं त्यांनी आणि ऐकायचं मी, असा आमच्या घरचा पहिल्यापासूनचा रिवाज. तोच नडला.

त्याचं असं झालं. माझं माहेर तुरळ. रत्नागिरी जिल्ह्यात, गोव्याच्या हायवेवर. गाव एवढंसं, पण गरम पाण्याचं कुंड आहे. सासर मालवणकडचं. तिकडच्या बोलीत गावाला म्हणायचं तर 'गावाक', मुंबईला 'मुंबयक', आणि तुरळला 'तुरळाक'. लग्न होऊन मुंबईत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. रोज दिवेलागणीला मोरीत जाऊन रडायचे. एकदा रेडिओवर बाई म्हणाली, "तुरळक ठिकाणी पावसाच्या सरी पडतील." भावजी तेव्हा सोळा वर्षांचे, मिशी फुटत होती. धावत मोरीच्या दाराशी आले. "वैनी, तुझ्या तुरळाक पाऊस! रेडिओर सांगल्यानी!"

मी डोळे पुसून बाहेर आले. एवढ्या मोठ्या मुंबईत कोणीतरी माझ्या गावाचं नाव घेतलं होतं. आणि एकदाच नाही, पावसाळाभर रोज. यांच्या मालवणचं नाव कधीतरी, आमच्या तुरळचं रोज! सासूबाईंना ते मी मुद्दाम ऐकवायचे. कुंड आहे ना, सरकारला लक्ष ठेवावं लागतं, असं मी शेजारणींना समजावून सांगितलं होतं. बावन्न वर्षं समजावत होते. एकीनेही मला खोटं पाडलं नाही. घाबरत असतील.

आता मूळ गोष्ट सांगते. जान्हवी माझी नात, माझ्या मुलाची, राजेशची मुलगी. तिचं लग्न ठरलं. मुलगा चैतन्य, दोघं अंधेरीला एकाच ऑफिसात. मुलाचं गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूरकडे. लग्न त्यांच्या शेतात, तेही मे महिन्यात. ही हौस जान्हवीचीच. मोकळ्या रानात मांडव, मावळतीचा उजेड आणि फोटो. व्याही दशरथराव. शेतकरी माणूस, अंगाने काटक, बोलायला मऊ. त्यांनी दोन मुहूर्त कळवले होते, दुपारचा बारा सदतीस आणि संध्याकाळचा सहा बावन्न. त्यांचं म्हणणं, दुपारचा धरा. "ऊन असतंय, पण ऊन सांगून येतंय. चार वाजल्यानंतर आभाळाचा भरवसा न्हाई."

दुपारचं नाव काढल्यावर आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे असे झाले, जसं कोणी गेलंय. त्रेचाळीस डिग्रीत मेकअप कसा टिकायचा? राजेशच्या साडूला ब्लडप्रेशर. जान्हवीची पार्ल्याची मैत्रीण विचारते, "व्हेन्यूला एसी आहे ना?" शेताला! भावजींनी चष्मा पुसून निकाल दिला की उष्माघात दुपारी होतो, संध्याकाळी होत नाही, आणि हे सांगायला सातवी लागते. तर सहा बावन्न ठरलं. पत्रिका छापून आल्या.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना दशरथरावांचा फोन आला. राजेश बसवाल्याशी भांडायला गेला होता, म्हणून भावजींनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. महत्त्वाच्या माणसांनी स्पीकरवरच बोलायचं असतं.

"मामा, हवामानवाले वादळाचं सांगायलेत. आमच्या शाळंला सुट्टी हाय. दोन खोल्या आन् व्हरांडा मोकळा हाय, हेडमास्तरकडून चावी आणून ठेवलीय. मांडव राहू द्या तसाच, पण लग्न शाळंत लावू."

आता त्या दिवशीचं सकाळचं वाचन मी ऐकलेलं होतं. परभणी, हिंगोली, नांदेड, उष्णतेची लाट, कमाल तापमान त्रेचाळीस. तिथे भावजी थांबले, चहाचा घोट घेतला, मग पुढे वाचलं, तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस. म्हणजे परभणीला ऊन, तुरळला पाऊस. यात न समजण्यासारखं काय होतं?

भावजी फोनकडे बघून हसले. बालवाडीतल्या मुलाकडे बघून हसतात तसे. "अहो दशरथराव, तो पाऊस तुरळाक आसा. तुमच्याकडे नाय."

"तुरळक हाय, ते मला बी मान्य हाय मामा. पण ईज पडायला जागा किती लागती?"

"तुरळाक पडली तर पडांदे! थय आमच्या वैनीचो भाव आसा. तो बघून घेतलो."

मग दशरथराव सावकाश म्हणाले, "भाऊ?"

"लवू. पोस्टात होतो."

मीही मान हलवली. लवू पोस्टातच होता.

"बरं मामा," दशरथराव म्हणाले. "तुम्ही मुंबईची माणसं. तुम्हाला जास्त कळतंय." आणि फोन ठेवला. त्यानंतर तो माणूस घरात बायकोला काय म्हणाला असेल, ते मी आजही डोळ्यांपुढे आणू शकत नाही.

तरी माझा स्वभाव खात्री केल्याशिवाय न राहण्याचा. संध्याकाळी तुरळला लवूला फोन लावला. म्हटलं, "अंगणात काय वाळत घातलं असशील ते आत घे. तुमच्याकडे पाऊस सांगितलाय, विजांसकट."

"अगं ताई, इथे पाय ठेववत नाही अंगणात. कसला पाऊस?"

"फोनमध्ये आलंय."

"माझ्या फोनमध्ये नाही आलं."

"तुझा फोन हलका आहे," म्हटलं.

आणि बुधवारी तुरळला पाऊस पडला! चांगला तासभर, गडगडाट करून. लवूची कोकमं गेली, आंबापोळी गेली, उन्हात टाकलेली कापसाची गादी तर दुप्पट वजनाची झाली. तो फोनवर रडकुंडीला आला होता आणि मी इकडे ओरडत होते, "सांगितलं होतं की नव्हतं?" भाऊ भिजला याचं वाईट वाटायला हवं होतं. पण आपलं खरं ठरण्यात जी मजा आहे, ती भल्याभल्यांना आवरत नाही.

भावजींची तर त्या दिवशी गॅलरीत छाती मावेना. खाली जाऊन वॉचमनला सांगून आले. वाण्याला सांगून आले. वाणी कच्छी, त्याला तुरळ कुठे ते ठाऊक नाही, पण त्यानेही "वा काका" म्हटलं. "वैनी," मला म्हणाले, "आता तरी पटला? मी वाचतंय ता वाया जाणा नाय." पटलं होतं. हे सांगताना दात खावे लागताहेत, पण पटलं होतं.

शनिवारी सकाळी आमची बस गावात टेकली. दहा वाजेपर्यंत मुंबईचं वऱ्हाड वितळायला लागलं. जोगेश्वरीत घाम येतो, तिथे तोही येत नाही. अंगातून निघतो तो निघतो आणि वाटेतच सुकतो. दशरथरावांच्या घरच्यांनी दारांना भिजवलेली तरटं लावली होती, ओळीने माठ मांडले होते, आणि प्रत्येक पाहुण्याच्या खिशात एकेक कांदा दिला. ऊन बाधत नाही म्हणे. भावजींनी तो कांदा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "ह्यो आमचो हवामान विभाग," राजेशच्या साडूला म्हणाले. साडू हसला. दशरथराव तिथेच माठ भरत होते. त्यांनी ऐकलं. पुढच्या पाहुण्याला कांदा दिला.

मांडव शेतात, घरापासून हाकेवर. लोखंडी पाइपांचे खांब, वर पांढरं कापड, समोर फुलांची मोठी कमान, तीही लोखंडीच, आणि कमानीखाली नवरानवरीचा चंदेरी सोफा. चार वाजताच जान्हवीला नटवून तिथे बसवली. फोटोग्राफर उताणा पडून खालून फोटो काढत होता. ती हसत होती, इतकी छान दिसत होती की मी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या शोधत होते.

साडेचारला दशरथराव पहिल्यांदा भावजींकडे आले. पायात वहाण नाही. भावजी घराच्या ओट्यावर, डोक्यावर ओला पंचा, हातात फोन.

"मामा, बाभळीकडं बघा जरा. आभाळ यायलंय."

"येऊंदे. जातला." मान खालीच.

पाच वाजता दुसऱ्यांदा आले. तेवढ्यात वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं, बैल दावणीला पाय आपटत होते. "मामा, बघून तर घ्या." भावजी म्हणाले, "दशरथराव, मी आताच बघितलंय. फोनार नवीन काय नाय."

साडेपाचला ते माझ्याकडे आले. मी आतल्या खोलीत अक्षता रंगवत होते. दारात उभे राहून म्हणाले, "मावशी, तिसऱ्यांदा यायलोय. मामा ऐकत न्हाईत. आमच्या इथं मागल्या साली अशाच टायमाला शेजारच्या शिवारात दोन माणसं गेली. पोरगी त्या लोखंडाखाली बसलीय. तुमची हाय. आता माझी बी हाय."

मी बाहेर आले. बाभळीच्या मागे आभाळ इतकं काळं होतं की बाभूळ पांढरी दिसत होती. मी भावजींना म्हटलं, "पुन्हा वाचा."

त्यांनी वाचलं. "परभणी, त्रेचाळीस. तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह..." आणि माझ्याकडे विजयाने बघितलं. "ऐकलंस? तुरळाक."

दशरथरावांनी हात पुढे केला. "द्या इकडं." बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करून वाचलं. "परभणी. तुरळक ठिकाणी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुरळक म्हंजे इथं थोडं, तिथं थोडं, मावशी. आपल्या शेतात पडंल, न्हाईतर शेजारच्या गावात पडंल. असं लिवलंय."

"तुरळ नाही?" मी विचारलं.

"तुरळ काय असतंय?"

बावन्न वर्षं! रेडिओवर ते नाव आलं की मी मान ताठ करायचे, आणि आमचे हे तोंड भिंतीकडे फिरवून खोकायचे. मी म्हणायचे, बिडीने छाती खाल्ली. मॅट्रिक झालेला माणूस. बिडी सुटून वीस वर्षं झाली तरी तो ठसका का जात नव्हता, ते मला परभणीत कळलं, आणि भांडायला आता ते नाहीत.

भावजी म्हणत होते, "वैनी, तू ह्यांचा काय ऐकतंस? बुधवारी पडलो नाय तुरळाक?" मला लाज वाटायला हवी होती. म्हटलं, ती सावकाश वाटून घेऊ. नऊवारीचा काष्टा सावरला आणि शेताच्या बांधावरून सरळ मांडवात गेले.

"ऊठ."

"आजी, दोनच मिनिटं! बघ ना, लाइट काय झकास आलाय!"

"तो तुझ्या फोटोवाल्याचा लाइट नाही. ऊठ म्हणते."

"आजी, यार, प्लीज ना!"

"यार तुझ्या नवऱ्याला म्हण. उठतेस की सोफ्यासकट उचलू?"

तिचं मनगट धरलं आणि ओढली. हिरव्या चुड्यातल्या दोन बांगड्या पिचल्या. ती रडवेली झाली, माझ्यावर ओरडली, म्हणाली की तू माझ्या लग्नाची वाट लावलीस. मी मनगट सोडलं नाही. दशरथराव पुढे धावत होते, चावी हातात, आणि मागे सगळ्यांना हाका मारत होते. बायका, पोरं, म्हातारी माणसं, आचारी भाताचं पातेलं दोघांत धरून, आमचा साडू ब्लडप्रेशर विसरून सर्वांच्या पुढे. भावजी सगळ्यात शेवटी आले. चालत. घाबरलो नाही हे दिसायला हवं ना.

शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवला आणि वारा आला. आला म्हणजे शेतातून धुळीची भिंतच उठून चालत आली. मांडवाचं कापड आधी फुगलं, मग फाटलं, आणि खांब एकेक करून वाकले. मग डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि असा आवाज झाला की माझ्या दाताची कवळी हलली. वीज बांधावरच्या बाभळीवर पडली होती. थोडं दिसायला लागलं तेव्हा बघितलं, फुलांची कमान आडवी झाली होती. तिचा मधला पाइप सोफ्यात घुसला होता, उजव्या बाजूला, जिथे जान्हवी बसली होती.

जान्हवीनेही ते बघितलं. मी मनगट सोडायला गेले तर आता तिने माझा हात धरून ठेवला.

लग्न तिसरीच्या वर्गात लागलं, सहा बावन्नलाच. वीज गेली होती, मोबाइलच्या उजेडात. अंतरपाट मांडवासकट उडून गेला होता, तर दशरथरावांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं दिलं. पत्र्यावर गारा अशा पडत होत्या की गुरुजींची मंगलाष्टकं कोणालाच ऐकू येईनात. ते हात वर करायचे आणि आम्ही अक्षता टाकायचो. चैतन्यने एकदा चुकून हेडमास्तरच्या टेबलाला हार घातला. पण लग्न लागलं. नवरी हातीपायी धड, कपाळावर कुंकू, गळ्यात काळे मणी. मला आणखी काय हवं होतं?

त्या वर्गात बसण्याजोगी एकच खुर्ची, हेडमास्तरची. तिच्यावर कोण बसलं होतं, ते सांगायला नको. आल्या आल्या भावजींनी ती धरली होती. दाराची कडी तुटकी, वाऱ्याने दार उघडून पाऊस आत यायचा, म्हणून दशरथराव दाराला पाठ लावून उभे. नखशिखान्त भिजलेले, मुलाचं लग्न लागताना बघायला मान लांब करत होते.

गारा थांबल्या आणि एकदम शांत झालं. तेवढ्यात भावजी खुर्चीतून मला म्हणाले, आणि सगळ्या वर्गाला ऐकू गेलं, "वैनी, चूक माझी नाय हां. असो शब्द लिवचोच कित्याक? थोडो थोडो पाऊस म्हणा, लोकांक कळात."

राजेशने डोळ्यांनी मला खुणावलं, आत्ता नको, पाहुण्यांसमोर नको. मी एकाहत्तर वर्षांत पाहुणे बघून कधी बोलणं टाकलेलं नाही.

"भावजी," मी म्हटलं, "शब्दाचं सोडा. तो तुम्ही चुकलात तशी मीही चुकले, ते आपण दोघांत निम्मं निम्मं वाटून घेऊ. पण हा माणूस अनवाणी, त्या तापल्या मातीतून, तीनदा सांगायला आला. दोनदा तर तुमच्याच पुढे उभा राहिला. आभाळाकडे बोट दाखवत होता. तुम्हाला वाचायचं काही नव्हतंच, नुसती मान वर करायची होती. तेवढीही केली नाहीत, कारण तो खेड्यातला आणि तुम्ही जोगेश्वरीचे. माझी नात गेली असती, तुमच्या मानेपायी. आता त्या खुर्चीवरून उठा. मुलाचे वडील कधीचे उभे आहेत, ते बसतील तिथे. दार तुम्ही धरा."